भुकेला बंगाल : १९४३ चा दुष्काळ आणि कलावंत

बंगाल प्रांतातील १९४३ च्या महादुष्काळाची चित्रकार, छायाचित्रकार, नट, गायक आणि शाहीर यांनी केलेली नोंद, आणि त्या नोंदीतून उभी राहिलेली मदतीची चळवळ. एका संकटासाठी इतक्या कलांतली माणसे एकाच वेळी कामाला लागल्याचे उदाहरण भारतात त्यापूर्वी क्वचितच सापडेल. या चळवळीचे निम्मे काम बंगालच्या खेड्यांत झाले. उरलेले मुंबईच्या छापखान्यांत, तालमीच्या जागांत आणि कामगार वस्त्यांत.

मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून सरकारने किनारी बंगालमधला धान्यसाठा हलवला. दहापेक्षा जास्त माणसे वाहू शकणाऱ्या होड्याही काढून घेतल्या. ज्या मुलखात बाजार, मासेमारी आणि शेतावर जाणे-येणे सगळे पाण्यावरून चालते, तिथे होडी नेणे म्हणजे माणसाचे हातपाय नेणे होते. १६ ऑक्टोबर १९४२ रोजी चक्रीवादळाने मिदनापूर जिल्हा झोडपून काढला. सैन्याची खरेदी, साठेबाजी आणि चलनवाढ यांमुळे तांदळाचे भाव भूमिहीन मजूर, कोळी आणि ग्रामीण कारागीर यांच्या आवाक्याबाहेर गेले. वुडहेड चौकशी आयोगाने १९४५ मध्ये मृतांचा आकडा सुमारे १५ लाख धरला. नंतरच्या अभ्यासकांचा अंदाज ३० लाखांच्या आसपास जातो. मृतांमध्ये मलेरिया, कॉलरा आणि देवीने गेलेले पुष्कळ होते, आणि त्या साथी १९४४ मध्येही चालू राहिल्या.

बंगाल सरकारने दुष्काळ अखेरपर्यंत अधिकृतपणे जाहीर केला नाही. तसे केले असते तर दुष्काळ संहितेनुसार मदतीची बांधिलकी आली असती. कलकत्त्याच्या रस्त्यांवर मरून पडणाऱ्यांची सरकारी कागदांत 'आजारी निराधार' अशी नोंद होई. युद्धकाळातली बातम्यांवरची बंधने होतीच. या वातावरणात २२ ऑगस्ट १९४३ रोजी कलकत्त्याच्या 'द स्टेट्समन'ने रस्त्यावरच्या भूकबळींची छायाचित्रे छापली. हे इंग्रजांच्या मालकीचे दैनिक. त्याचे संपादक इयन स्टीव्हन्स यांनी हा निर्णय घेतला. दिल्लीत आणि लंडनमध्ये जे आतापर्यंत आकड्यांच्या वादात झाकले गेले होते, ते आता नाकारता येईना. ऑक्टोबरात नवे व्हाइसरॉय वेव्हेल कलकत्त्याला गेले आणि मदतकार्यात सैन्य उतरवले गेले. हे सगळे छायाचित्रांमुळेच झाले असे म्हणता येणार नाही, पण त्यांच्याशिवाय ते आणखी लांबले असते हे नक्की.

कलकत्ता निदान वार्ताहरांच्या डोळ्यांसमोर होते. खेड्यांत कोण जाणार, हा प्रश्न उरला होता. कम्युनिस्ट पक्षाचे तत्कालीन सरचिटणीस पूरणचंद जोशी यांनी सुनील जाना (१९१८–२०१२) या इंग्रजी साहित्याच्या तरुण विद्यार्थ्याला आणि चित्तप्रसाद भट्टाचार्य (१९१५–१९७८) या चित्रकाराला सोबत घेऊन दुष्काळी भागाचा दौरा केला. जाना तोवर हौसेने छायाचित्रे काढत. या दौऱ्याने त्यांचे आयुष्यच वळवले. त्यांची छायाचित्रे आणि चित्तप्रसाद यांची रेखाटने मुंबईतून निघणाऱ्या 'पीपल्स वॉर' या साप्ताहिकात येऊ लागली. 'लोकयुद्ध' ही त्याची मराठी आवृत्ती. जाना यांच्या छायाचित्रांची पोस्टकार्डे छापून मदतनिधीसाठी विकण्यात आली. कोणत्याही कलादालनापेक्षा ही पोस्टकार्डे दूरवर पोचली.

चित्तप्रसाद यांचे काम जास्त बारकाईने पाहायला हवे. नोव्हेंबर १९४३ मध्ये ते मिदनापूर जिल्ह्यात फिरले आणि तिथे जे दिसले ते काळ्या शाईत रेखाटले, शब्दांत लिहिले. त्यातून 'हंग्री बेंगॉल' ही पुस्तिका तयार झाली. तिच्या ५,००० प्रती सरकारने जप्त करून नष्ट केल्या. कुटुंबाने जपलेल्या एका प्रतीवरून २०११ मध्ये दिल्लीत तिची हुबेहूब आवृत्ती निघाली, तेव्हा पुढच्या पिढ्यांना ती पहिल्यांदा पाहायला मिळाली. रेखाटनाखाली शक्य तिथे माणसाचे नाव, गाव आणि त्याच्यावर काय गुजरले ते लिहिण्याची चित्तप्रसाद यांची पद्धत होती. शेत कधी विकले, घरातले कोण गेले, कोण गाव सोडून निघाले, असे तपशील त्यात असत. सरकार ज्यांना 'निराधार' या एकाच रकान्यात ढकलत होते, त्यांना इथे पुन्हा शेतकरी, कोळी, विणकर, आई, मुलगा अशी ओळख मिळाली. सरकारला हे चित्र धोकादायक वाटले ते यामुळेच. नुसती करुणा उत्पन्न करणारे चित्र कोणत्याही राजवटीला चालते. पत्ता आणि कारण सांगणारे चित्र चालत नाही.

जैनुल आबेदीन (१९१४–१९७६) यांची वाट वेगळी होती. ते कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत शिकवत आणि शहराच्या पदपथांवर जे दिसे ते काढत. युद्धात कागद महागलेला, म्हणून स्वस्त वेष्टनाचा कागद, त्यावर काळी शाई आणि कोरडा कुंचला. उकिरड्यात वाकलेली माणसे, जवळ बसलेले कावळे, आईच्या मृतदेहाला बिलगलेले मूल. मागे ना इमारत, ना झाड, ना आकाश. त्यांची रेखाटने एला सेन यांच्या 'डार्कनिंग डेज' (१९४४) या पुस्तकात आली. फाळणीनंतर आबेदीन यांनी १९४८ मध्ये ढाक्यात कलाशाळा उभारली, आणि बांगलादेशाच्या आधुनिक चित्रकलेचे मूळ या दुष्काळी रेखाटनांत शोधले जाते. चितगाव जिल्ह्यातले सोमनाथ होर (१९२१–२००६) चित्तप्रसाद यांच्या सहवासात चित्रकलेकडे वळले. पुढे १९७० च्या दशकात त्यांनी कागदाच्या लगद्यावर पांढऱ्यावर पांढरे असे ओरखडे उमटवून 'जखमा' ही मालिका केली. तिच्यातली कातडी फाटल्याची जाणीव १९४३ मध्येच रुजलेली आहे.

चित्र पाहणाऱ्यापर्यंत न्यावे लागते. गाणे आणि नाटक आपण होऊन वस्तीत शिरते. २५ मे १९४३ रोजी मुंबईत 'इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन' (इप्टा) स्थापन झाली. कामगार पुढारी ना. म. जोशी तिचे पहिले अध्यक्ष होते, आणि नगारा वाजवणाऱ्या माणसाचे तिचे बोधचिन्ह चित्तप्रसाद यांनी काढले. बिनय रॉय यांच्या नेतृत्वाखाली बंगालचे पथक गाणी आणि नृत्ये घेऊन प्रांतोप्रांती फिरले. प्रयोगानंतर प्रेक्षकांत झोळी फिरे. मुंबईत अंधेरीला शांती बर्धन यांनी बसवलेल्या 'स्पिरिट ऑफ इंडिया' या नृत्यनाट्यातही बंगालची भूक होती.

महाराष्ट्रात हे काम शाहिरांनी उचलले. अण्णा भाऊ साठे यांनी 'बंगालची हाक' हा पोवाडा लिहिला. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. गिरणगावातला श्रोता सातारा, रत्नागिरीकडून पोटासाठी आलेला. गाव सोडावे लागणे म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. राजे आणि लढाया यांचे वर्णन करणारा पोवाडा हजार मैलांवरच्या भुकेल्या शेतकऱ्यासाठी वापरला जावा, ही मराठी शाहिरीच्या इतिहासातली मोठी घटना आहे, आणि दुष्काळाविषयीच्या लेखनात तिचा उल्लेख फारच थोडा होतो.

२४ ऑक्टोबर १९४४ रोजी कलकत्त्याच्या श्रीरंगम नाट्यगृहात बिजन भट्टाचार्य यांचे 'नवान्न' रंगभूमीवर आले. दिग्दर्शन शंभू मित्र आणि खुद्द लेखकाचे. मागे रंगवलेला पडदा नाही, तागाच्या गोणपाटाचा. गाव सोडून कलकत्त्याला आलेले शेतकरी कुटुंब, श्रीमंताच्या लग्नाच्या पंगती उठत असताना कचराकुंडीपाशी माणूस आणि कुत्रा यांच्यात लागलेली झटापट, आणि शेवटी नव्या पिकासाठी गावी परतणे. या नाटकाने बंगाली रंगभूमीची नटांभोवती फिरणारी जुनी घडी मोडली. 'नवान्न', भट्टाचार्यांचेच 'जबानबंदी' आणि कृष्ण चंदर यांची 'अन्नदाता' ही उर्दू कथा यांच्या आधारे ख्वाजा अहमद अब्बास यांनी इप्टातर्फे 'धरती के लाल' (१९४६) हा चित्रपट केला. त्यात शंभू मित्र, तृप्ती मित्र आणि बलराज साहनी यांच्या भूमिका होत्या, संगीत रविशंकर यांचे. शहराकडे निघालेल्या तांड्याच्या दृश्यांत धुळे भागातले किसान सभेचे शेतकरी उतरले होते.

या सगळ्या कामाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. पक्षाची कला पक्षाच्या धोरणाने बांधलेली होती. सोव्हिएत रशिया युद्धात ओढला गेल्यावर कम्युनिस्ट पक्षाने युद्धाला पाठिंबा दिला होता; त्यामुळे साठेबाज आणि नोकरशाही यांच्यावर जितका रोख दिसतो तितका युद्धनीतीवर दिसत नाही. काळाचाही हिशेब आहे : 'हंग्री बेंगॉल'चा दौरा झाला तेव्हा रस्त्यांवरच्या मृत्यूंचा सर्वांत भीषण काळ उलटत आला होता, आणि 'नवान्न' त्यानंतर वर्षभराने आले. कलेने त्या मृत्यूंना थोपवले नाही. तिने निधी जमवला, परप्रांतातल्या माणसाला आपले मानायला लावले आणि जे घडलेच नाही असे म्हटले जाऊ शकले असते त्याचा पुरावा ठेवला. प्रस्तुत लेखकाच्या मते या तिन्हींत पुराव्याचे मोल सर्वांत मोठे.

चित्तप्रसाद १९४० च्या दशकाच्या अखेरीस पक्षापासून दूर झाले, पण आयुष्याचा बराच काळ त्यांनी अंधेरीतच काढला. हलाखीत राहून ते लिनोकट करत आणि वस्तीतल्या मुलांसाठी कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करत. विडी वळणारी, बूट पुसणारी, ओझी वाहणारी मुले त्यांनी १९५२ च्या सुमारास लिनोकटांत उतरवली. डेन्मार्कच्या युनिसेफ समितीने १९६९ मध्ये ती 'एंजल्स विदाउट फेअरी टेल्स' या नावाने पुस्तकरूपात काढली.

दुष्काळ चित्रपटात पुन्हा पुन्हा येत राहिला. सत्यजित राय यांनी 'अशनी संकेत' (१९७३) मुद्दाम रंगीत केला. हिरवीगार शेते आणि भरलेली तळी दिसत असताना माणसे मरतात, हेच त्यांना दाखवायचे होते. काहींना दुष्काळाची ती सुंदर चित्रे खटकली. बर्लिन महोत्सवात त्याला सुवर्ण अस्वल मिळाले. मृणाल सेन यांनी 'आकालेर संधाने'मध्ये (१९८०) चौकशीचा रोख आपल्याच व्यवसायाकडे वळवला. १९४३ वर चित्रपट करायला कलकत्त्याहून एक चमू खेड्यात येतो. चमूच्या खरेदीने गावच्या बाजारातले भाव चढतात, पोट भरण्यासाठी देह विकणाऱ्या स्त्रीची भूमिका गावातल्या मुलीला देण्यावरून तंटा होतो, आणि शेवटी गावकरी त्यांना काम अर्धवट सोडून जायला लावतात.