आग्रा रोडची अफू

माझं माहेर शिरपूरचं. आग्रा रोडने पळासनेरची हद्द ओलांडली की सेंधव्याचा घाट, आणि त्यापलीकडे अफूचा माळवा. 1831 साली कंपनी सरकारने माळव्याच्या अफूसाठी परवाने काढले. इंदूरला पेटी काट्यावर तोलायची, 140 पौंडांच्या पेटीमागे 175 रुपये भरायचे, मग माल मुंबईकडे आणि तिथून चीनला. सिंध इंग्रजांच्या ताब्यात आला, कराचीची आडवाट बंद झाली, आणि 1847 पर्यंत हाच दर 400 रुपयांवर नेला. व्यापाऱ्याला दुसरी वाटच उरली नव्हती ना! रेल्वे येईपर्यंत या पेट्या खानदेशातूनही बैलांच्या पाठीवर जात.

घरातली अफू वेगळी. कापूस वेचायला जाताना तान्ह्याला अफूची बाळगोळी चाटवायची, की ते बांधावर निपचित पडून राही. आजी सांगायची, सासू म्हणे, "पोऱ्या रडस, बायगोयी दे." मुंबईच्या गिरणीतल्या बायाही तेच करत. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. मूल सांभाळायला मात्र कोणी येत नव्हतं.

मोठ्या माणसांसाठी सरकारमान्य दुकानं होती. 1878 च्या कायद्याने अफूचा व्यापार परवान्यात बांधला, तोही महसूल राखून. 31 मार्च 1959 नंतर नोंदणी झालेल्या व्यसनींखेरीज कोणाला खाण्यासाठी अफू मिळेना. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याकडे असा परवाना होता. वडील म्हणायचे, सकाळी अफूची गोळी आणि वर कडक चहा झाल्याशिवाय तो औताला हात लावत नसे. गोळी अंग दुखू देत नाही, चहा डोळा लागू देत नाही. त्या म्हाताऱ्याने ही जोडी आपली आपणच जुळवली होती.

पुढे मी मुंबईत नर्स झाले आणि जोडी पुन्हा भेटली, आता गर्द, म्हणजे हेरॉइन, आणि एमडी, म्हणजे मेफेड्रोन. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या 2007 मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या टप्प्यात सुईने नशा करणाऱ्यांना ब्युप्रेनॉर्फिन देण्याची सोय आली. गोळी कुटून जिभेखाली ठेवायची, बोलायचं नाही, गिळायचं नाही. विरघळली की "आ करा दादा" म्हणून तोंड बघायचं. पहिली मात्रा घाईने द्यायची नाही. गर्द अंगात असताना दिली तर हे औषध गर्दला मेंदूतल्या जागेवरून हुसकतं आणि माणूस तळमळतो. म्हणून जांभया, वाहतं नाक, अंगावर काटा दिसेपर्यंत थांबायचं.

एमडीवर मात्र असं औषध नाही. सरकारने 2015 मध्ये ती अमली पदार्थांच्या यादीत घातली, पण यादीने तलफ जात नाही. अमेरिकेत एमडीसारख्याच उत्तेजक मेथअॅम्फेटामिनच्या व्यसनावर नाल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन आणि ब्युप्रोपिऑन एकत्र देऊन पाहिलं. 2021 च्या अहवालात 13.6 टक्के लोकांना गुण आला, नुसत्या दिखाऊ औषधाने 2.5 टक्क्यांना. थोडं का होईना, पण आमच्या माणसाला त्याचाही उपयोग नाही. नाल्ट्रेक्सोन अफूची जागाच अडवतं, ब्युप्रेनॉर्फिनवरच्या माणसाला दिलं तर तोच तळमळाट सुरू. एका व्यसनाचा उतारा दुसऱ्याच्या औषधाशी भांडतो.

मग लघवीत एमडी सापडली की काही डॉक्टर म्हणत, याची गोळी बंद करा. मला ते कधी पटलं नाही. गोळी बंद केली तर एमडी सुटत नाही, गर्द मात्र परत येतं, आणि सुईही. गोळी चालू ठेवायची, एमडीसाठी समुपदेशन, झोप, जेवण आणि घरच्यांशी बोलणं. सकाळी रांगेत तो माणूस उभा दिसला की मी आधी त्याचं नाव वहीत चढवायचे, मग विचारायचे, "रात्री झोपलास का रे?"