अपराध केवढा, शिक्षा केवढी?

शाळेच्या शिस्तीचा विषय निघाला की आपण छडीबद्दल बोलू लागतो. पण छडीहून जड असा एक दंड शाळेच्या हाती असतो. तो म्हणजे नाव कमी करणे. छडीचा वळ चार दिवसांत जातो. नाव कमी झाले की मुलाची वाटच खुंटते. हा दंड फार सहज उगारला, तर काय होते? मराठवाड्याच्या इतिहासातला एक प्रसंग पाहा.

साल १९३८. निजामाचे हैदराबाद संस्थान. नोव्हेंबरात औरंगाबादच्या कॉलेजच्या वसतिगृहात विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणू लागले. चालकांनी मनाई केली. मुलांनी मानली नाही. लवकरच हैदराबादेत, उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतही तेच घडले. आधी वसतिगृहाचे दार बंद झाले, मग कॉलेजचे. शेकडो मुलांची नावे कमी झाली.

आता चालकांची बाजूही ऐकू या. संस्थेत निरनिराळ्या धर्मांची मुले होती, गीताविषयी वाद होता. शांतता राखणे हे चालकांचे कामच. नियम मोडला तर बोलणी खावी लागणार, हेही रास्त. पण प्रार्थनेत एक गीत म्हटले, एवढ्यासाठी मुलाचे सारे शिक्षण हिरावून घ्यायचे? अहो, पिसवा झाल्या म्हणून कोणी घोंगडी जाळतो का?

परिणाम उलटाच झाला. वसतिगृहातल्या गीताची संस्थानभर ‘वंदे मातरम् चळवळ’ झाली. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांना आपल्याकडे प्रवेश दिला. नागपूरला गेलेल्यांत पी. व्ही. नरसिंह राव होते. ते १९९१ साली देशाचे पंतप्रधान झाले. पण नागपूरचे दार उघडले नसते तर? आणि ज्यांच्या घरी नागपूरच्या भाड्यालाही पैसे नसतील, त्यांनी काय करावे?

म्हणून गुरुजी, दंड करण्याआधी तीन गोष्टी मनाशी विचाराव्यात. मुलाचे म्हणणे ऐकले का? अपराधाच्या मानाने दंड बेताचा आहे का? आणि दंड भोगून झाल्यावर मुलाला परत वर्गात बसता येईल का?

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मारहाणीला आणि मानसिक छळाला बंदी केली. प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, असेही त्यात आहे. कायदा आठवीपर्यंत राखण करतो. त्यापुढे राखण करायची ती शिक्षकाच्या न्यायबुद्धीने. दंडाने मूल सुधारावे, शाळेला मुकू नये.