धाब्यापासून टफन्ड काचेपर्यंत

खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांत काचेला फारसे काम नव्हते. लाकडी झडपा आणि लोखंडी गज पुरत. काचेची दारे पुढे दुकानांनी आणली.

राष्ट्रीय इमारत संहिता १९७० साली निघाली. तिच्या २०१६च्या आवृत्तीत काचेसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. जिथे माणूस आपटू शकतो, तिथे टफन्ड किंवा लॅमिनेटेड अशी सुरक्षा काच, ही त्यातली मुख्य गोष्ट. फुटल्यावर साध्या काचेचे धारदार सुळे होतात. टफन्ड काचेचा बोथट चुरा होतो, पण ती तयार झाल्यावर कापता येत नाही. माप चुकले की काच वायाच. लॅमिनेटेड काच तडकली तरी तुकडे मधल्या पापुद्र्याला चिकटून राहतात.

खानदेशात जळगाव आणि धुळे येथे २००३ साली महानगरपालिका आल्या. डिसेंबर २०२०पासून दोन्हीकडच्या बांधकामांना राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे.