ओक बेट
ओक बेट हे कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातील माहोन उपसागरात असलेले सुमारे ५७ हेक्टर क्षेत्रफळाचे बेट होय. येथे पुरलेल्या कथित गुप्तधनामुळे ते प्रसिद्धीस आले. दोन शतकांहून अधिक काळ शोध घेऊनही असे धन सापडलेले नाही. या शोधात मात्र सहा जणांचा बळी गेला आहे.

आख्यायिका
१७९५ च्या सुमारास काही तरुणांना बेटावर खचलेली जमीन दिसली व त्यांनी तेथे खणण्यास आरंभ केला, असे परंपरेने सांगितले जाते. त्यांना दर १० फुटांवर ओंडक्यांचे थर लागले. पुढील खोदकामात सुमारे ९० फुटांवर चिन्हे कोरलेला दगड मिळाला आणि लवकरच खड्डा पाण्याने भरला, असे ही कथा सांगते. हा दगड आज उपलब्ध नाही. कथेची छापील वर्णने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच आढळतात.

हे धन कॅप्टन विल्यम किड या समुद्री चाच्याचे असावे, असा एक समज आहे. किडने १६९८ मध्ये भारताच्या मलबार किनाऱ्याजवळ एक श्रीमंत व्यापारी जहाज लुटले होते व १७०१ मध्ये त्यास लंडन येथे फाशी देण्यात आले. त्याचा ओक बेटाशी संबंध सिद्ध झालेला नाही.

शोधमोहिमा
एकोणिसाव्या शतकात अनेक मंडळ्यांनी भांडवल उभारून येथे खोदकाम केले. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट १९०९ मध्ये अशा एका मोहिमेत सहभागी होते. मूळ खड्ड्याभोवती इतक्या विहिरी व बोगदे खणले गेले की, त्याची नेमकी जागाही आता निश्चित सांगता येत नाही.

जीवितहानी
१८६१ मध्ये बॉयलर फुटून एक व १८९७ मध्ये खड्ड्यात पडून एक कामगार मरण पावला. १७ ऑगस्ट १९६५ रोजी रॉबर्ट रेस्टॉल विषारी वायूमुळे खोदलेल्या विहिरीत कोसळले. त्यांना वाचविण्यासाठी उतरलेला त्यांचा मुलगा व अन्य दोघेही मृत्युमुखी पडले. सात बळी गेल्यावरच धन हाती लागेल, अशी वदंता प्रचलित आहे.

नैसर्गिक उपपत्ती
या भागातील चुनखडक व तत्सम खडक पाण्यात विरघळून भूगर्भात पोकळ्या निर्माण होतात आणि वरील जमीन खचते. अशा विवरात ओंडके व गाळ साचू शकतो, तसेच भेगांतून समुद्राचे पाणीही शिरू शकते. त्यामुळे हा खड्डा मानवनिर्मित नसून नैसर्गिक असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.