कागदावरची वीज

मागच्या महिन्यात अमेरिकेतून लग्नपत्रिका आली. धाकट्या भावाच्या नातीचं लग्न. हल्ली पत्रिका फोनवरच येतात, त्यामुळे पोस्टमननं पाकीट हातात दिलं याचंच मला अप्रूप. जाडसर, किंचित पिवळट, हाताला खरबरीत लागणारा कागद. पाठीमागे तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की हा कागद पवनऊर्जेवर तयार केला आहे. शेजारी ‘ग्रीन-ई’ असं चिमुकलं चिन्ह.

सवयीनं मी पत्रिका खिडकीशी नेऊन उजेडात धरली. ही सवय वडिलांची. ते कचेरीत कारकून होते आणि कुठलाही बरा कागद हाती आला की आधी त्यातला वॉटरमार्क बघत. कागदावरची ही सगळ्यात जुनी खूण. इटलीतल्या फाब्रियानो गावच्या कागद्यांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस ती सुरू केली. साच्याच्या जाळीवर तारेची आकृती शिवायची. तिथे लगदा पातळ बसतो आणि वाळलेला कागद उजेडात धरला की आकृती दिसते. कागद कोणाचा, हे कागदच सांगायचा. नंतरच्या खुणा मात्र वरून छापलेल्या. पुनर्वापराचं तीन बाणांचं चिन्ह १९७० साली गॅरी अँडरसन या विद्यार्थ्यानं एका स्पर्धेसाठी काढलं, आणि ती स्पर्धाही एका पुठ्ठे बनवणाऱ्या कंपनीचीच. तरी तिथेही सूक्ष्मदर्शकाखाली तंतू तपासता येतात. वाऱ्याच्या विजेवर झालेल्या कागदात वारा कुठे शोधायचा?

मंडळी, हे कोडं मला अगदीच नवं नव्हतं. २०१७ साली पुतण्याकडे मॅसॅच्युसेट्सला गेलो होतो, तेव्हा एका रविवारी तो म्हणाला, “काका, तुम्हाला कागदाचं गाव दाखवतो.” ते गाव होलियोक. कनेक्टिकट नदी इथे उंचावरून खाली येते. १८४८ च्या नोव्हेंबरात तिच्यावर धरण बांधून पुरं झालं, दारं बंद केली, आणि त्याच दिवशी ते वाहून गेलं! पुढच्या वर्षी दुसरं बांधलं. आयरिश मजुरांनी तीन पातळ्यांवर कालवे खणले. वरच्या कालव्यातलं पाणी गिरणीचं चाक फिरवून खालच्या कालव्यात पडायचं आणि तिथे दुसऱ्या गिरणीच्या कामी यायचं. १८५३ मध्ये पहिली कागद गिरणी निघाली, आणि भर बहरात पंचविसाहून जास्त होत्या.

मला सगळ्यात आवडला तो तिथला हिशेब. कालव्यांची मालक कंपनी गिरण्यांना ‘मिल पॉवर’ विकायची. एक मिल पॉवर म्हणजे दिवसाचे सोळा तास, सेकंदाला ३८ घनफूट पाणी २० फूट उंचीवरून घेण्याचा हक्क. मी गणिताचा मास्तर नव्हे, पण पुतण्यानं तिथेच मोबाइलवर आकडेमोड करून सांगितलं की ही साधारण ८६ अश्वशक्ती भरते. आता गिरणीवाला हक्कापेक्षा जास्त पाणी ओढतो की नाही, हे कळणार कसं? त्यासाठी कंपनीनं क्लेमेन्स हर्शेल नावाचा इंजिनिअर नेमला होता. गिरणीत बसवायचं टर्बाइन आधी चाचणी-पन्हाळीत तपासायचं. दार किती उघडलं म्हणजे किती पाणी जातं, हे एकदा ठरलं की ते टर्बाइनच मीटर व्हायचं. पाणी मोजण्याच्या याच खटपटीतून १८८० च्या दशकात हर्शेलनं ‘व्हेंच्युरी मीटर’ काढला. जगभरच्या पाणीयोजनांत तो वापरला गेला.

म्हणजे तेव्हा शक्ती दारात दिसायची आणि तिथेच मोजली जायची. पुढे वीज आली, तारा आल्या, आणि गिरणीला नदीकाठी बसायची गरज उरली नाही. तारेत शिरलेली वीज कोळशाची की वाऱ्याची, हे कोणी ओळखू शकत नाही. एकाच विहिरीत चौघांनी घागरी ओतल्या, तर माझ्या घागरीतलं पाणी परत वेगळं कसं काढणार? यावर अमेरिकेत तोड काढली ती अशी: वीज वेगळी विकायची आणि तिचा दाखला वेगळा. पवनचक्कीनं १,००० युनिट वीज तयार केली की एक दाखला. टेक्सासनं १९९९ सालच्या कायद्यात तो आणला. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका ना-नफा संस्थेनं त्याआधीच, १९९७ मध्ये, अशा विजेची तपासणी करणारं ‘ग्रीन-ई’ चिन्ह सुरू केलं होतं. कागद गिरणीनं स्वतः पवनचक्की उभारायला नको. वापरलेल्या विजेइतके दाखले विकत घ्यायचे आणि कागदावर चिन्ह छापायचं.

दाखला हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. शाळा सोडल्याचे दाखले लिहिण्यात माझी उमर गेली. जनरल रजिस्टरच्या शेऱ्यात तांबड्या शाईनं ‘दाखला दिला’ लिहिलं की मुलगा आपल्या पटावरून गेला. नियम एवढाच, की एक मूल एका वेळी एकाच पटावर. आणि हा नियम मी मोडला आहे.

गोष्ट १९९४ ची. आठवीची दुसरी तुकडी टिकायला पट पाचानं कमी पडत होता. तीन मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली, दोघांचे दाखले दुसऱ्या शाळेत पोचलेले. नावं कमी केली असती तर तुकडी तुटली असती आणि नुकतंच लग्न झालेला एक शिक्षक अतिरिक्त ठरला असता. मी पाचही नावं ठेवली आणि हजेरीपत्रकावर सही केली. ते दोघे वर्षभर दोन शाळांत हजर होते. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावली, तेव्हा मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. पेपरातल्या बातम्या वाचताना मला काही त्या परक्या वाटल्या नाहीत.

विजेच्या दाखल्याचं दुखणं नेमकं हेच. पवनचक्कीवाला दाखला विकतो आणि वर स्वतःही ‘आमची वीज वाऱ्याची’ म्हणून मिरवतो. एकच वारा दोन पटांवर! म्हणून प्रत्येक दाखल्याला अनुक्रमांक असतो आणि वापरला की तो बाद करतात. इंग्रजीत त्याला रिटायर करणंच म्हणतात. (आमच्यासारखंच.) ग्रीन-ईवाले दरवर्षी खरेदी-विक्रीची तपासणी करतात. २०१२ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननंही बजावलं की छपरावर सौरपत्रे असले तरी त्यांचे दाखले विकून टाकलेत, तर सौरऊर्जा वापरतो असं म्हणू नका.

तरी चिन्ह सगळं सांगत नाहीच. जाळीवर पडणारा लगदा जवळजवळ ९९ टक्के पाणी असतो आणि ते घालवायला तापलेले रूळ लागतात. कागद करण्यातली पुष्कळशी ऊर्जा ही अशी वाफेची, आणि विजेच्या दाखल्यात ती येतच नाही. वाफ बऱ्याच गिरण्या लाकूड शिजवून उरलेला काळा द्रव जाळून करतात, आणि त्याचीही एक गंमत आहे. २००५ साली अमेरिकेनं पर्यायी इंधनात खनिज इंधन मिसळणाऱ्यांना गॅलनमागे ५० सेंट सवलत दिली, ती खरं तर वाहनांसाठी. २००९ मध्ये कागद कंपन्यांनी इतकी वर्षं निव्वळ जाळलेल्या काळ्या द्रवात थोडं डिझेल मिसळलं आणि सरकारकडून अब्जावधी डॉलर घेतले. वर्षअखेर ते बंद झालं. आमच्या पाच नावांचं काय घेऊन बसलात!

आपल्याकडे केंद्रीय वीज नियामक आयोगानं २०१० मध्ये असे दाखले आणले, २०११ पासून ते वीजबाजारात विकले जाऊ लागले. दाखल्यामागे तेच १,००० युनिट. वितरण कंपन्या आणि स्वतःची वीज करणारे कारखाने यांच्यावर ठरावीक हरित विजेचं बंधन आहे, ते पुरं करायला हे दाखले. बंधन कारखान्यांनाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये मान्य केलं.

पत्रिका आली त्या रात्री नातीला फोन करून विचारलं, हा वाऱ्याचा कागद मुद्दाम निवडलास का गं? ती म्हणाली, “हो आजोबा, महाग पडला थोडा. पण खरं असतं ना ते?” मी तिला अनुक्रमांकाचं सांगितलं, वाफेचं सांगितलं. पाच नावांचंही सांगितलं. हे मी घरात आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “मग ते सर राहिले का शाळेत?”

राहिले. पुढे मुख्याध्यापक झाले.

लग्नाला जाणं या गुडघ्यांना जमणार नाही. पत्रिकेला हळदकुंकू लावून ती देवापुढे ठेवली आहे.