तुकड्यांनी गेलेले रीळ

'जालना सोने का पालना' ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. या पाळण्यातली मुले आज रोजीरोटीसाठी पुण्या-मुंबईला जातात, काही आखातात, काही त्याहून दूर. परदेशी गेलेल्या माणसाला घरची खुशाली कळते. पण वतनाची खरी हालत त्याला कोण सांगतो? आणि कोणी सांगितलीच, तर ती ऐकून घेण्याची त्याची तयारी असते काय? या प्रश्नाला एक इतिहास आहे. तो एका माहितीपटाच्या वाटेने पाहता येतो.

१९७४ साली मराठवाड्याच्या विकासाच्या मागणीसाठी आमच्या भागातले विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८१ साली. त्याच १९७४ मध्ये बिहारात जयप्रकाश नारायण यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटले. मुंबईचे तरुण आनंद पटवर्धन तिथे पोचले. ४ नोव्हेंबरच्या पाटण्यातल्या मोर्चाचे चित्रण त्यांनी उसन्या सुपर एट कॅमेऱ्यावर केले, मग ते पडद्यावर दाखवून सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर पुन्हा टिपले. पैसा नव्हता, म्हणून मुदत उलटलेली फिल्मही वापरली. त्यातून सुमारे अर्ध्या तासाचा कृष्णधवल माहितीपट उभा राहिला : 'क्रांती की तरंगें'.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. जयप्रकाशांना अटक झाली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. हा माहितीपट दाखवणे म्हणजे तुरुंगाला आमंत्रण. तो भूमिगत झाला. मग त्याच्या एका प्रतीचे तुकडे करण्यात आले आणि वेगवेगळ्या प्रवाशांच्या हाती ते देशाबाहेर गेले. पटवर्धन शिक्षणासाठी कॅनडातल्या माँट्रियल शहरी, मॅकगिल विद्यापीठात पोचले होते. तिथे ते तुकडे पुन्हा जोडले गेले.

कॅनडा, अमेरिका आणि युरोपात त्याचे खेळ झाले. १९७५ मध्येच स्थापन झालेली इंडियन पीपल्स असोसिएशन इन नॉर्थ अमेरिका, म्हणजे 'इपाना', तिकडच्या भारतीयांमध्ये आणीबाणीविरुद्ध काम करीत होती. पटवर्धन तिच्याशी जोडलेले होते. गाड्या वेळेवर धावतात, देशाला शिस्त लागली, असे सरकारी प्रचार सांगत होता. त्याला उत्तर म्हणून ही अर्ध्या तासाची गवाही होती. पुढे पटवर्धनांनी याच माहितीपटावर मॅकगिलमध्ये प्रबंध लिहिला. कॅनडातल्या स्थलांतरित शेतमजुरांच्या युनियनवर जिम मन्रो यांच्यासह 'अ टाइम टू राइज' हा माहितीपटही केला. वतनाची खबर नेणाऱ्याने परदेसातल्या कष्टकऱ्याची खबरही घेतली, ही गोष्ट आम्हाला मोलाची वाटते.

पण एक बाब राहून गेली. हा माहितीपट आणीबाणीच्या आधीचा, त्यामुळे आमच्यावर जे पुढे गुदरले ते त्यात असणे शक्यच नव्हते. जुलै १९७५ मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघाबरोबर जमाते इस्लामीवरही बंदी आली. एप्रिल १९७६ मध्ये दिल्लीच्या तुर्कमान गेटला घरांवर बुलडोझर फिरले, गोळीबार झाला. १९७६-७७ या एका वर्षात देशभरात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. नसबंदीच्या त्या खौफाच्या गोष्टी आमच्या बुजुर्गांनी ओट्यावर बसून सांगितल्या आणि त्या ओट्यावरच राहिल्या. त्यांचे रीळ कोणी केले नाही. मग तुकडे करून नेणार तरी काय?

वतनापासून दूर गेले म्हणजे नजर साफ होते, असा आमचाही समज होता. तो पुढच्या काळाने खोटा ठरवला. पटवर्धनांचा 'राम के नाम' १९९२ चा. त्याला इथे सेन्सॉरचे प्रमाणपत्र होते, राष्ट्रीय पुरस्कार होता. २००२ साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्ये तो दाखवला जाणार होता. तिथल्याच हिंदुत्ववादी भारतीयांनी विरोध केला आणि संग्रहालयाने माघार घेतली. शेवटी खेळ न्यूयॉर्क विद्यापीठात झाला. म्हणजे १९७५ मध्ये देशात बंद असलेले परदेशात खुले होते, आणि २००२ मध्ये देशात मंजूर असलेले परदेशात अडवले गेले!

२००४ साली गुजरातच्या हत्याकांडावरचा राकेश शर्मा यांचा 'फायनल सोल्यूशन' बर्लिनच्या महोत्सवात गौरवला गेला. इथे मात्र सेन्सॉर बोर्डाने त्यावर बंदी घातली. त्याने जातीय सलोखा बिघडेल, हे कारण. लोकांनी सीडीच्या प्रती काढून तो हातोहात पोचवला आणि ऑक्टोबरमध्ये बंदी उठली. त्याच वर्षी, २७ ऑगस्टला, जुम्याच्या नमाजनंतर आमच्या जालन्यात कादरिया मशिदीवर बॉम्ब फेकले गेले. नमाजी जखमी झाले. सलोखा बिघडवायला इथे कोणत्याही माहितीपटाची गरज पडली नव्हती.

जानेवारी २०२३ मध्ये बीबीसीच्या गुजरातविषयक माहितीपटाचे दुवे सरकारने बंद केले. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी तो लॅपटॉपवर पाहिला; आणि लंडनमध्ये बीबीसीच्या दारात त्याविरुद्ध निदर्शने केली ती भारतीय वंशाच्याच लोकांनी.

यातून आम्ही एवढेच शिकलो की, परदेसातला आपला माणूस आपोआप न्यायाच्या बाजूने उभा राहत नाही. त्याच्यापर्यंत पोचावे लागते. १९७५ मध्ये कोणीतरी जोखीम पत्करून सामानात फिल्मचा तुकडा लपवला, म्हणून ती गवाही उरली. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. पण नसबंदीचा काळ पाहिलेले लोक एकेक करून अल्लाहला प्यारे होत आहेत. २००४ च्या त्या जुम्याला मशिदीत असलेली पोरे आता संसारी झाली आहेत. त्यांच्यासमोर बसून, नाव, गाव, तारीख विचारून, त्यांचे म्हणणे नोंदवून ठेवायला आपल्याला कोणी मनाई केलेली नाही. जी मनाई कोणी केलीच नाही, ती आपण आपल्यावर का लादून घ्यावी?