मैदान कुणाला किती, याची वही कोण ठेवतं?

मोठी पोस्ट आहे, पण ज्यांच्या घरात शाळेत जाणारी मुलगी आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. बराचसा इतिहास अमेरिकेतला आहे. सुरुवात आणि शेवट मात्र आपल्याच शाळेच्या ग्राउंडवर.

१९९४ साली मी नववीत होते आणि आमचा मुलींचा खो-खोचा संघ तालुक्यात पहिला आला. पुढे जिल्ह्याला जायचं होतं. त्याच आठवड्यात मुलांच्या कबड्डी संघालाही जायचं होतं. शाळेनं एक जीप ठरवली, ती मुलांना गेली. आम्हाला सांगितलं, सोबत यायला बाई नाहीत, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी आमची दहावी होती, म्हणजे विषय संपला. जिल्ह्याच्या यादीत आमच्या संघापुढे 'गैरहजर' असा शेरा पडला.

आमच्या कॅप्टनने पुढे पोलीस भरतीचा फॉर्म भरला, तेव्हा खेळाच्या प्रमाणपत्राचा रकाना रिकामा राहिला. आम्ही जिल्हा जिंकलो असतो असं मी म्हणत नाही. कदाचित पहिल्याच सामन्यात हरलो असतो. पण ते हरणं मैदानावर व्हायला हवं होतं, जीपच्या हिशेबात नव्हे.

आमचे पीटीचे सर वाईट नव्हते, हेही सांगते. उलट आम्हाला खेळायला आणलं त्यांनीच. पण मुलं गेली आणि मुली का गेल्या नाहीत, हे त्यांना किंवा हेडमास्तरांना विचारणारं वर कोणीच नव्हतं. तसा रकाना कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हता.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मी बहिणीकडे मिशिगनला गेले होते. भाचीची शाळेची व्हॉलीबॉल मॅच होती, आम्ही जिममध्ये बसलो होतो. शेजारी एक साठीच्या बाई होत्या, नातीची मॅच बघायला आलेल्या. त्या म्हणाल्या, "माझी मुलगी खेळायची तेव्हा हा खेळ आमच्याकडे हिवाळ्यात असायचा. सगळ्या देशाच्या उलटा. तो जागेवर आणायला कोर्टात जावं लागलं." मला वाटलं, गंमत करताहेत. घरी येऊन बहिणीसोबत वाचायला बसले, तर खरंच मोठा इतिहास निघाला.

१९७१-७२ साली अमेरिकेतल्या हायस्कूलांच्या संघांत ३६,६६,९१७ मुलगे खेळत होते आणि मुली होत्या २,९४,०१५. म्हणजे बारा मुलांमागे एक मुलगी. २३ जून १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी शिक्षणविषयक एका कायद्यावर सही केली. त्याच्या नवव्या प्रकरणाला तिकडे 'टायटल नाइन' म्हणतात. ज्या शिक्षणसंस्थेला केंद्राचा पैसा मिळतो, तिथे लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढंच ते सांगतं. गंमत म्हणजे त्या कलमात 'खेळ' हा शब्दच नाही.

तो कायदा घडवणाऱ्यांत हवाईच्या खासदार पॅट्सी मिंक होत्या. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं, पण बाई म्हणून मेडिकल कॉलेजांनी दारं लावली, तेव्हा त्या वकील झाल्या. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे.

कायदा आला आणि मुलींची संख्या भराभर वाढली. १९७७-७८ पर्यंत ती वीस लाखांच्या पुढे गेली. २०१८-१९ मध्ये ती ३४ लाखांवर होती, मुलगे तेव्हा ४५ लाख. हे आकडे बघून वाटतं, झालं काम. पण खरी मारामारी इथूनच सुरू होते.

आधी नियमच लवकर आले नाहीत. ते १९७५ साली निघाले आणि हायस्कूल-कॉलेजांना पाळायला १९७८ पर्यंत मुदत मिळाली. मधल्या काळात, पैसा कमावणारे खेळ यातून वगळा, म्हणून संसदेत प्रयत्न झाला. तो फसला. १९७९ मध्ये सरकारनं समानता मोजायच्या तीन कसोट्या दिल्या, त्यातली एक जरी पार पडली तरी चालेल. पहिली, पटावर मुली जितक्या टक्के तितक्याच साधारण मैदानावर असाव्यात. दुसरी, संस्थेनं मुलींसाठी खेळ सतत वाढवत नेल्याचं दिसावं. तिसरी, मुलींची जेवढी आवड आणि क्षमता आहे तेवढी संधी त्यांना पूर्ण मिळत असावी.

मग १९८४ साली सुप्रीम कोर्टानं एका खटल्यात असा अर्थ लावला की केंद्राचा पैसा ज्या विभागाला मिळतो तेवढ्यालाच हा कायदा लागू. खेळाच्या विभागाला थेट पैसा कोण देतो? म्हणजे खेळ जवळपास बाहेरच गेले. ते आत आणायला १९८८ उजाडलं, तेही राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार संसदेनं ओलांडला तेव्हा. न पाळणाऱ्याचा पैसा बंद करू ही धमकी तर कित्येक दशकं कागदावरच राहिली. १९९२ साली कोर्टानं सांगितलं की मुलींना नुकसानभरपाई मागता येईल. तेव्हा कुठे शाळांना जरा धाक बसला.

आता त्या आजींची गोष्ट. बहुतेक राज्यांत मुलींचं व्हॉलीबॉल शरद ऋतूत आणि बास्केटबॉल हिवाळ्यात असतं. मिशिगनमध्ये मुलींसाठी हे उलटं होतं. कारण काय, तर मुलांचं बास्केटबॉल हिवाळ्यात. जिम, कोच, पंच सगळे तेव्हा गुंतलेले, म्हणून मुलींनी सरकून घ्यायचं. याचा तोटा बारीक होता पण खरा होता. कॉलेजं खेळाडू निवडतात ती देशाच्या वेळापत्रकानं, मिशिगनच्या मुलींचा खेळ तेव्हा सुरूच झालेला नसे. तिकडे कॉलेजची शिष्यवृत्ती म्हणजे लाखोंचा प्रश्न.

मुलींच्या पालकांचा एक गट १९९८ साली कोर्टात गेला. समोर होती राज्यभरच्या शाळांचे सामने चालवणारी संघटना. तिचं म्हणणं ऐका, ओळखीचं वाटेल. एक, आम्ही सरकार नाही, खाजगी संस्था आहोत. दोन, आमच्याकडे भरपूर मुली खेळतात, आकडे बघा. तीन, व्यवस्थेच्या सोयीसाठी हे केलंय, कुणाविरुद्ध नाही.

२००१ च्या डिसेंबरमध्ये न्यायाधीश रिचर्ड एन्सलेन यांनी निकाल मुलींच्या बाजूनं दिला. सरकारी शाळांच्या जिवावर राज्यभर कारभार करणाऱ्या संघटनेला 'आम्ही खाजगी' म्हणून हात झटकता येत नाहीत. त्याच वर्षी टेनेसीच्या अशाच संघटनेबाबत सुप्रीम कोर्टानंही तेच म्हटलं होतं. आणि सोयीचं म्हणाल, तर गैरसोय दर वेळी मुलींच्याच वाट्याला का? अपिलं चालत राहिली. २००७ साली सुप्रीम कोर्टानं दखल घ्यायला नकार दिला आणि त्या वर्षापासून मोसम बदलले. मिशिगनच्या बहुतांश भागात टेनिस आणि गोल्फमध्ये मुलामुलींच्या मोसमांची अदलाबदल झाली, म्हणजे थोडी गैरसोय मुलांनीही वाटून घेतली. खटला उभा राहिल्यापासून नऊ वर्षं. त्या वेळी नववीत असलेली मुलगी तोवर कॉलेजही संपवून गेली.

या प्रकरणातून मला एक गोष्ट कळली. नुसती डोकी मोजून भागत नाही. मिशिगनमध्ये खेळणाऱ्या मुलींची संख्या चांगलीच होती. कधी खेळतात, कुठे खेळतात, कुणाच्या उरलेल्या वेळात खेळतात, हेही मोजावं लागतं.

आणि मोजणाऱ्याला संरक्षण लागतं. अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये रॉडरिक जॅक्सन नावाचे एक कोच होते. मुलींच्या बास्केटबॉल संघाला पैसे आणि सोयी मुलांइतक्या मिळत नाहीत, अशी तक्रार त्यांनी वर केली. काही महिन्यांतच त्यांचं कोचपद गेलं. २००५ साली सुप्रीम कोर्टानं, पाच विरुद्ध चार मतांनी, सांगितलं की भेदभावाची तक्रार करणाऱ्यावर सूड उगवणं हाही भेदभावच. मला आमचे सर आठवले. त्यांनी तोंड उघडलं असतं तर त्यांच्या मागे कोण उभं राहिलं असतं?

मग राज्य सरकारांची भूमिका काय? १९९४ साली केंद्रानं कॉलेजांना कायद्यानं सांगितलं, मुलामुलींच्या खेळाचे आणि खर्चाचे आकडे लोकांसमोर मांडा. पण तो कायदा होता कॉलेजांपुरता, शाळा त्यातून सुटल्या. ती जागा काही राज्यांनी भरली. कॅलिफोर्नियानं २००३ मध्ये त्या तीन कसोट्या स्वतःच्या शिक्षण कायद्यात घातल्या. २०१४ मध्ये आणखी एक कायदा केला. पटावर मुली किती, मुलगे किती, संघांत कोण किती, कुठल्या खेळाचे किती संघ, हे प्रत्येक सरकारी शाळेनं दर वर्षी जाहीर करायचं. या कायद्यात मोठं तत्त्वज्ञान काही नाही. फक्त वही ठेवा आणि ती सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. पण आकडे समोर असले की आईबापाला कोर्टात जायच्या आधी हेडमास्तरांकडे जाता येतं.

आता पुन्हा पॅट्सी मिंक. २००२ साली त्या वारल्या आणि टायटल नाइनला त्यांचं नाव दिलं गेलं. त्यांच्याच हवाईत, कॅम्पबेल हायस्कूलच्या मुलींनी २०१८ साली राज्याच्या शिक्षण खात्यावर दावा लावला. मुलांना खेळासाठी वेगळी लॉकर रूम, मुलींना नाही. कपडे बदलायला कुठे जागा मिळेल तिथे जायचं. वॉटर पोलोच्या मुलींना तलाव मिळेना, म्हणून सराव चक्क समुद्रात. आणि हवाईत अख्ख्या राज्याच्या सरकारी शाळा एकच खातं चालवतं. म्हणजे लक्ष ठेवणारं राज्य आणि शाळा चालवणारं राज्य एकच. तिथे मुलींना कोर्टाशिवाय दुसरं दार कुठलं? २०२२ मध्ये वरच्या कोर्टानं त्यांना सगळ्या मुलींच्या वतीनं लढायची वाट मोकळी केली आणि पुढच्या वर्षी खात्यानं तडजोड केली. कायदा लिहिणारीच्या गावात कायदा पोचायला पन्नास वर्षं लागली.

(त्याच कायद्यावरून आज तिकडे ट्रान्स खेळाडूंचा मोठा वाद पेटलाय. तो वेगळा विषय आहे, इथे मिसळत नाही.)

आता आपल्याकडे या. २०२५ च्या जानेवारीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी तो जिंकला आणि आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. मीही ठेवला. आपल्याकडे कागदावर बरंच काही आहे. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखाली मुलामुलींच्या वेगळ्या होतात. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान हवं असं लिहिलंय. पण त्या मैदानावर मुलींना किती वेळ, हे त्यात नाही. संध्याकाळी कुठल्याही शाळेच्या ग्राउंडवर चक्कर मारा. क्रिकेट कोण खेळतंय आणि भिंतीकडेला दोरीच्या उड्या कोण मारतंय ते बघा.

खेळाचे गुण आणि नोकरीचं आरक्षण म्हणजे खेळ आता फक्त हौस राहिलेली नाही. जी मुलगी तालुक्याहून पुढे गेलीच नाही, तिचा पुढचा सगळा रस्ता तिथेच बंद होतो.

तिकडच्यासारखं कोर्टात जा असं मी म्हणत नाही. नऊ वर्षं थांबायला आपल्या मुलींकडेही वेळ नाही. पण वही ठेवायला कोर्ट लागत नाही. त्याच शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती दिलीय, त्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या असतात. पालक म्हणून मी आमच्याकडच्या समितीत आहे. गेल्या वर्षीच्या बैठकीत मी तीन प्रश्न विचारले. या वर्षी स्पर्धेला किती मुलगे गेले, किती मुली गेल्या? ग्राउंड कुणाला कोणत्या वेळी मिळतं? मुलींचा संघ जिंकला तर जिल्ह्याला सोबत कोण जाणार, गाडीचे पैसे कुठून येणार?

उत्तर कुणाकडेच नव्हतं. लपवत नव्हते, कुणी कधी लिहूनच ठेवलं नव्हतं. हेडमास्तर म्हणाले, "ताई, एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलंच नाही." मग एक साधी दोनशे पानी वही केली. दोन रकाने, मुलगे आणि मुली. ग्राउंडच्या वेळेचा तक्ता ऑफिसबाहेर लावला. संघ जिंकला तर सोबत जाणाऱ्या बाईंचं नाव जूनमध्येच ठरवून ठेवायचं, असंही लिहून घेतलं. पहिल्या तीन महिन्यांतच मुलींच्या रकान्यात किती पानं कोरी आहेत ते सगळ्यांना दिसलं, कुणाला भाषण द्यावं लागलं नाही. आता मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी ग्राउंड मुलींचं आहे. मुलांनी पहिले दोन आठवडे कुरकुर केली, मग ते सातला यायला लागले.

तुमच्या शाळेच्या पुढच्या बैठकीत हे तीन प्रश्न विचारा. शाळा उत्तर देत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. उत्तर काय मिळालं ते शाळेचं नाव न घेता खाली कमेंटमध्ये लिहा. आणि कुणाच्या संघापुढे 'गैरहजर' असा शेरा कधी पडला असेल, तर तेही लिहा. आमचा एक मी लिहिलाय.